गुत्त्याचे सुतक कोणी पाळावे?

माणूस गेला म्हणजे त्याचे सुतक कोणी पाळायचे, हे आपल्याकडे ठरलेले आहे. भाऊबंद किती पिढ्यांपर्यंतचे धरायचे, सोयऱ्यांनी किती दिवस पाळायचे, याचे नियम प्रत्येक गावातल्या दोनचार म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतात. जागा गेली तर मात्र आपला गोंधळ उडतो. देऊळ पडले तर गाव वर्गणी काढते. शाळेची जुनी इमारत पाडली तर माजी विद्यार्थी हळहळतात. विहीर बुजवली तर निदान आयाबाया बोलून दाखवतात. पण गावातला दारूचा गुत्ता गेला, त्या घराची कौले उतरली, भिंती पडल्या आणि तेथे सिमेंटचे गाळे उभे राहिले, तर त्याचे सुतक कोणी पाळावे? मुळात ते पाळावे काय?

हा प्रश्न ऐकून काही वाचक हसतील, काही रागावतील. दिवाळीच्या अंकात, तेही एका मुख्याध्यापकाने, हा विषय का काढावा, असेही कोणी म्हणेल. माझे म्हणणे एवढेच आहे की वाईट म्हणून ठरलेल्या जागांविषयी आपण कधी नीट विचारच केलेला नाही. चांगल्या गोष्टीची आठवण ठेवणे सोपे असते, त्यात नीतीची कसोटी लागत नाही. ज्या जागेने काहींना सोबत दिली आणि काहींचे घर बुडवले, तिची आठवण कशी ठेवायची, हा खरा नीतीचा प्रश्न आहे.

इंग्लंडात या प्रश्नाचे उत्तर फार वेगळ्या पद्धतीने दिले गेले. तेथला ‘पब’ म्हणजे मूळचे ‘पब्लिक हाऊस’, सार्वजनिक घर. १८३० साली तेथे एक कायदा झाला. त्यानुसार कर भरणाऱ्या कोणाही घरमालकाला दोन गिनी भरून बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला आणि गल्लोगल्ली अशी घरे निघाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्यांना नक्षीदार काचा, पितळी कठडे आणि कोरीव लाकडी फळ्या आल्या. कामगारांच्या परस्पर साहाय्याच्या मंडळांच्या बैठका तेथेच भरत. एखाद्याचा अपमृत्यू झाला तर त्याची चौकशीसुद्धा पुष्कळदा पबातल्याच खोलीत होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते. आता ती संख्या पन्नास हजारांच्या खाली आली आहे. आपल्या गल्लीतला बंद पडलेला जुना पब केव्हा सुरू झाला, कोणी चालवला, केव्हा पाडला, याची टिपणे जमवणारी हौशी माणसे तेथे गावोगाव आहेत.

लंडनच्या किलबर्न भागातला ‘कार्लटन टॅव्हर्न’ नावाचा पब २०१५ च्या एप्रिल महिन्यात मालकाने परवानगी न घेता पाडून टाकला. शेजारपाजारच्या लोकांनी गप्प बसायचे नाकारले. तेथल्या नगरपालिकेने तो होता तसा पुन्हा उभा करण्याचा हुकूम काढला आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा सुरू झाला. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत थीसियसच्या जहाजाचा एक जुना प्रश्न येतो. एकेक फळी बदलत गेली आणि शेवटी सगळ्याच फळ्या नव्या झाल्या, तर ते जहाज तेच म्हणायचे काय? आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा हा प्रश्न कोणाला पडत नाही. भिंती नव्या, कळस नवा, तरी देव तोच. कारण देऊळ दगडात नसते, येणाऱ्याच्या पावलांत असते. किलबर्नच्या लोकांनी पबाच्या बाबतीत हेच मानले.

तर मग आपणही आपल्या गुत्त्याचे तसेच करावे काय? येथे घाई करून चालणार नाही. पब आणि गुत्ता या दोन्ही ठिकाणी दारूच मिळत असली, तरी त्यांच्या जन्मकथा निराळ्या आहेत आणि जन्मकथेला अर्थ असतो.

आपण दोन भाषांत राहणारी माणसे आहोत, म्हणून या शब्दापासूनच सुरुवात करू. ‘गुत्ता’ हा शब्द आज मराठीत उच्चारला की दारूचे दुकानच डोळ्यांसमोर येते. पण त्याचा जुना अर्थ मक्ता किंवा ठेका असा आहे. गुत्तेदार म्हणजे मक्तेदार. कन्नडमध्ये ‘गुत्तिगे’ म्हणजे कंत्राट, हे आपल्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. रस्त्याचे काम घेणारा तो गुत्तिगेदार. म्हणजे इंग्रजाने आपल्या दुकानाला ‘सार्वजनिक घर’ म्हटले, आणि आपल्या लोकांनी आपल्या दुकानाला ‘कंत्राट’ म्हटले. मला वाटते, शंभर पानांच्या अहवालात जे सांगता येणार नाही ते या एका शब्दाने सांगितले आहे. लोकांना ते घर कधी आपले वाटलेच नाही. ते सरकारने कोणाला तरी दिलेले कंत्राट होते.

आणि ते होतेही तसेच. १८७८ साली मुंबई आबकारी कायदा झाला. त्यापूर्वी या इलाख्यात लोक पीत नव्हते असे नाही. ताडी होती, माडी होती, मोहाची होती, कलालाची भट्टी होती. पण नव्या कायद्याने गाळण्याचा आणि विकण्याचा सगळा कारभार सरकारच्या मुठीत आला. किरकोळ भट्ट्या मोडल्या, मोठ्या ठिकाणी मद्य गाळून ते परवान्याच्या दुकानांतून विकायचे आणि विकण्याचा हक्क मक्त्याने द्यायचा, अशी घडी बसली. १८९२ साली मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. सरकार सांगे की यामुळे पिणे आटोक्यात राहील. प्रत्यक्षात आबकारी हा इलाख्याच्या तिजोरीचा मोठा आधार होऊन बसला. ज्या दुकानातून उत्पन्न हवे ते दुकान बंद व्हावे असे मनापासून कोणाला वाटेल? कोंबडीने अंडे द्यावे पण आरवू नये, अशातला तो प्रकार.

महात्मा फुल्यांनी हे फार लवकर ओळखले. ते पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली होती. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात स्वयंसेवक गुत्त्यांसमोर उभे राहून गिऱ्हाइकांना परत पाठवू लागले. १९३० च्या सत्याग्रहात हे काम देशभर स्त्रियांनी अंगावर घेतले. १९३९ च्या ऑगस्टमध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली आणि स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने, १९५० पासून ती सगळ्या मुंबई राज्यात आली. आपला बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, म्हणून आपल्याकडचेही गुत्ते बंद झाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला गुत्ता खऱ्या अर्थाने संपला तो तेव्हा.

पुढचे पुष्कळांना आठवत असेल. आपल्या डोंगरापलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि तेथे ‘ताव्हेर्न’ उघडे होते. घाटवाटांनी नारळ-सुपारीबरोबर आणखी काय काय येत असे, ते सांगायला नको. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या राज्यातली दारूबंदी उठली आणि जुना गुत्ता ‘सारायी अंगडी’ होऊन परत आला. पाटी कन्नड झाली, मालक बदलला, मक्त्याची पद्धत तीच राहिली. पुढे सारायी प्लॅस्टिकच्या पाकिटातून येऊ लागली. १ जुलै २००७ पासून कर्नाटक सरकारने सारायीवर बंदी घातली आणि ती दुकानेही मिटली.

आता या इतिहासाचा माझ्या कामाशी जेथे संबंध आला ती गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेत नववीच्या मुलांना एक उपक्रम दिला. ‘आपल्या गावातील नाहीशी झालेली एक जागा’ निवडायची, घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारायचे आणि चार पाने लिहायची. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांनी फार सुरेख लिहिले. कोणी तेलाच्या घाण्यावर लिहिले, कोणी गाडीतळावर, कोणी आटलेल्या झऱ्यावर. एका मुलाने आपल्या खेड्यातल्या सारायीच्या दुकानावर लिहिले. ते दुकान ज्या कौलारू घरात होते ते ‘इंग्रजांच्या अमदानीतल्या गुत्त्याचे घर’ म्हणून ओळखले जाई, असे त्याला आजोबांनी सांगितले होते.

त्या चार पानांची पहिली दोन पाने आजोबांची होती. दिवसभर भातशेतात राबून आलेली माणसे तेथे बाकावर बसत. गोव्याहून आलेला गाडीवान तिकडची हकिकत सांगे. धारवाडकडचा व्यापारी कन्नडमध्ये बोले, हा मराठीत उत्तर देई. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, कन्नड ते त्या बाकावर शिकले. पुढे तालुक्याच्या कचेरीत कन्नड कागद पुढे आला तेव्हा निदान कारकून काय वाचतो आहे ते त्यांना समजले, आणि त्यामुळे जमिनीचा एक तुकडा वाचला. उरलेली दोन पाने आजीची होती. बाजाराच्या दिवशी ती त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. नवरा मजुरी घेऊन येताना दिसला की आत शिरण्यापूर्वी त्याच्या हातातून निम्मे पैसे काढून घ्यायचे, एवढेच तिचे काम. कधी मिळत, कधी न मिळता मार मिळे. ती त्या दुकानाच्या आत कधी गेली नाही. पण दुकानाच्या भिंतीला बाहेरून किती ठिकाणी पोपडे आले होते ते तिला पाठ होते.

ते लेखन शाळेच्या हस्तलिखितात घ्यावे की नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस वाद झाला. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की झाकली मूठ सव्वा लाखाची, गावाची अब्रू मुलांच्या हातून चव्हाट्यावर कशाला मांडायची? दुसऱ्या बाई म्हणाल्या, आजीची दोन पाने घ्या, आजोबांची गाळा, मुलांच्या मनावर चुकीचा संस्कार नको. तिसऱ्या एका तरुण शिक्षकांना आजोबांचीच पाने आवडली होती. त्यांत रंग आहे, बोली आहे, आजीचे रडगाणे नेहमीचेच, असे ते म्हणाले. मी चारही पाने, एक अक्षर न गाळता, घेतली. त्या वेळी मी जी कारणे सांगितली ती घाईची होती. आज ती जरा सविस्तर मांडतो.

पहिला आक्षेप अब्रूचा. वाईट जागेचा इतिहास लिहिणे म्हणजे तिला मान देणे, असे आपण समजतो. पण नंदगडात राहणाऱ्या माणसाने तरी असे समजू नये. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शूर शिपाई संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी आपल्या नंदगडाजवळ फाशी दिले. त्याची समाधी येथे आहे, दूरदूरचे लोक तिच्या दर्शनाला येतात. ही जागा मुळात कसली होती? फाशीची. त्या जागेवर इंग्रजांच्या सत्तेने एका माणसाचा जीव घेतला. आपल्या लोकांनी ती जागा पुसून टाकली नाही, जपली. म्हणून आपण फाशीचा गौरव केला असे कोणी म्हणेल काय? जागेला स्वतःचे पाप नसते आणि पुण्यही नसते. तेथे काय घडले ते खरे सांगणारा माणूस असला, तर ती जागा शिकवते. सांगणारा नसला, तर ती नुसती जमीन. आठवण आणि गौरव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या गावाने शंभर वर्षांपूर्वीच स्वीकारले आहे. गुत्त्याला तो नियम लावायला काय हरकत आहे?

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. गुत्त्याविषयी लिहिले नाही म्हणून आजीने सोसलेले नाहीसे होत नाही, ते फक्त कोणाला कळत नाही. आणि जे कळत नाही ते पुन्हा घडायला मोकळे असते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आठवण ठेवावी हे मान्य, पण हळहळ वाटावी काय? आजोबांना त्या बाकाची हळहळ वाटते, ती योग्य आहे काय? येथे आपल्याला कठोर व्हावे लागेल. गेलेल्या जागा मनात राहतात तेव्हा त्या आपोआप स्वच्छ होतात. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४६ साली आपल्या आवडत्या पबावर एक छोटा निबंध लिहिला. व्हिक्टोरियन थाटाची सजावट, ओळखीची माणसे, बोलणे ऐकू येईल इतकी शांतता, मागे बाग, असे सगळे वर्णन करून शेवटी तो सांगून टाकतो की असा पब अस्तित्वातच नाही. हळहळीचा हा स्वभावच आहे. ती जे होते त्याच्यासाठी नसते, जे असायला हवे होते त्याच्यासाठी असते.

खऱ्या व्हिक्टोरियन पबात काय होते तेही पाहा. साध्या माणसांची खोली वेगळी, पैसेवाल्यांची वेगळी, आणि मधे एकमेकांची तोंडे दिसू नयेत म्हणून लावलेल्या फिरत्या काचा. कामगारांची मजुरी पबातच वाटली जाई, म्हणजे पैसे हातात पडतात न पडतात तोच ते परत गल्ल्यात जात. खाणकामगारांच्या बाबतीत १८४२ साली आणि इतर मजुरांच्या बाबतीत १८८३ साली इंग्लंडला कायदा करून पबात मजुरी देण्यास बंदी घालावी लागली. जो देश आज जुन्या पबांसाठी कोर्टकचेऱ्या करतो, त्या देशाला एके काळी कामगाराच्या बायकोपोरांना पबापासून वाचवण्यासाठी कायदा करावा लागला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहणारी आजी आणि लंडनच्या पबाबाहेर उभी राहणारी कामगाराची बायको, या दोघींची एकमेकींशी कधी गाठ पडली नाही, पण पडली असती तर त्यांना दुभाषा लागला नसता.

म्हणून माझे पहिले अनुमान असे. एखाद्या जागेविषयी बोलण्याचा पहिला अधिकार, तिची किंमत ज्यांनी दिली त्यांचा. आजोबांनी बाकावर बसण्याचे दाम दिले खरे, पण ते दाम घरातल्या चुलीतून काढलेले होते. किंमत आजीने दिली. तेव्हा तिची साक्ष आधी नोंदवली पाहिजे. ती नोंदवल्याशिवाय आजोबांची हळहळ लिहिणे म्हणजे अर्धी खतावणी लिहिणे. जमेची बाजू तेवढी लिहिणाऱ्या मुनिमाला आपण काय म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे.

पण नुसती खर्चाची बाजू लिहिणे हेही तितकेच खोटे. ज्या बाईंनी आजोबांची पाने गाळायला सांगितली त्यांचा हेतू चांगला होता, हे मी आजही मानतो. तरी मुलाला खोट्याने शिकवलेली नीती टिकत नाही. उद्या तो मोठा होईल, चार माणसांत बसेल, तेथे त्याला सोबतीची ऊब लागेल, आणि मग त्याला वाटेल, शाळेत आपल्याला हे सांगितलेच नव्हते, तेव्हा शाळेतले बाकीचेही खोटेच असणार. वाईट गोष्टीत गोडी असते हे ज्याला आधी सांगितले गेले आहे, तोच गोडीपुढे सावध राहतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी सारायीविरुद्ध जे आंदोलन उभे केले, ते साक्षरतेच्या वर्गातून उभे राहिले होते. तेथल्या धड्यात त्यांनी आपल्याच घरची कहाणी वाचली. त्यातूनच १९९३ साली त्या राज्यात सारायी बंद झाली. खरे लिहिलेला धडा काय करू शकतो याचे, शिक्षकाच्या दृष्टीने, याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

आता तिसरा आणि माझ्या मते मुख्य मुद्दा. गुत्ता गेला म्हणजे नेमके काय गेले?

गुत्त्यात दोन गोष्टी होत्या. एक दारू, दुसरी बैठक. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे म्हटले आहे की माणसाला घर आणि कामाचे ठिकाण यांशिवाय एक तिसरी जागा लागते. तेथे त्याला कोणी बोलावलेले नसते आणि कोणी हाकलतही नाही. आपल्या गावगाड्यात पार होता, चावडी होती, देवळाचा मंडप होता. पण तेथे प्रत्येकाची बसायची पायरी जातीने ठरलेली होती, आणि काहींना तर पायरीच नव्हती. गुत्त्यात भेदाभेद नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही सकाळी पारावर ज्याला जागा नव्हती, त्याला संध्याकाळी तेथे बाकाचे एक टोक मिळे. मुंबईत इराण्याच्या हॉटेलाने चहाच्या कपावर हेच काम केले. सगळ्यांना संगमरवरी टेबल एक आणि कप सारखाच. इराण्याच्या हॉटेलाविषयी हळहळायला म्हणूनच कोणाला संकोच वाटत नाही. तेथे बैठक होती आणि विष नव्हते.

मग आपल्या सुधारणेने काय केले? दारू काढून बैठक ठेवायला हवी होती. झाले उलटे. सारायी बंद झाली, पण परवान्याची विलायती पद्धतीची स्वस्त दारू कागदी डब्यांतून तालुकाभर मिळते. राज्याच्या तिजोरीला आबकारीचा आधार आजही तेवढाच लागतो. घेणारा खिडकीतून डबा घेतो, मोटारसायकलला लाथ मारतो आणि शेताच्या बांधावर नाहीतर घराच्या मागल्या बाजूला एकटा पितो. त्याच्याशी कन्नडात बोलणारा कोणी नाही, मराठीत उत्तर द्यायला तोही तेथे नाही. ‘आता पुरे, घरी जा’ असे म्हणणारा शेजारी नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून निम्मी मजुरी वाचवणाऱ्या बाईने आता उभे तरी कोठे राहायचे? व्यसन शाबूत राहिले, फक्त त्याच्या भोवतीची माणसे गेली. जे जायला हवे होते ते राहिले आणि जे राहायला हवे होते ते गेले.

याचा अर्थ गुत्ता परत आणावा असा कोणी काढू नये. महाराष्ट्रात गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला की दुकान बंद करता येते, असा नियम आहे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या स्त्रीला तिथे निदान मतपत्रिका मिळाली, ही मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्याही बाजूला यावी असे मला वाटते. माझे म्हणणे पुढचे आहे. दुकान बंद करणे हे अर्धे काम. माणूस तेथे कशासाठी जात होता याचे उत्तर दुसरीकडे देणे हे उरलेले अर्धे. आपल्या सुधारकांनी पहिले अर्धे काम शंभर वर्षे निष्ठेने केले. दुसऱ्या अर्ध्याला आपण अजून हातही घातलेला नाही.

आपल्या सीमाभागात तर ही उणीव अधिकच टोचते. मराठी माणूस आणि कन्नड माणूस आज कोठे भेटतात? बाजारात भेटतात, पण तेथे घाई असते. कचेरीत भेटतात, पण तेथे एक खुर्चीवर असतो आणि एक उभा असतो. सभांत भेटत नाहीत, कारण सभा वेगवेगळ्या असतात. काही न मागता, काही न विकता, नुसते बसायचे आणि एकमेकांची भाषा कानावर पडू द्यायची, अशी जागा आपल्या तालुक्यात किती आहेत ते प्रत्येकाने आपापल्या गावापुरते मोजून पाहावे. एका निरक्षर शेतकऱ्याला शेजारची भाषा शिकायला दारूच्या बाकावर जावे लागले, हा त्या बाकाचा मोठेपणा नव्हे. तो आपल्या पाराचा, आपल्या देवळाचा, आपल्या वाचनालयाचा आणि आम्हा शाळावाल्यांचा कमीपणा आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येतो. गुत्त्याचे सुतक कोणी पाळावे? माझे उत्तर असे की दारूचे सुतक कोणीच पाळू नये, ती गेलेलीही नाही. बैठकीचे सुतक मात्र सगळ्या गावाने पाळावे. आणि सुतकाचा आपल्याकडचा नियम काय सांगतो? ते कायमचे नसते. ठरलेले दिवस झाले की घर सारवायचे, अंगण झाडायचे, आणि गेलेल्या माणसाची जबाबदारी कोणीतरी अंगावर घ्यायची. त्याचे शेत पडीक राहता कामा नये. त्याची गुरे उपाशी राहता कामा नयेत.

ती जबाबदारी फार मोठी नाही. गावोगावची वाचनालये संध्याकाळी, नेमकी माणसे शेतावरून परतायच्या वेळेला, बंद होतात. ती दोन तास उशिरापर्यंत उघडी ठेवता येतील. मराठी वर्तमानपत्राशेजारी कन्नड वर्तमानपत्र ठेवता येईल. ज्याला वाचता येत नाही त्याला दोन्ही वाचून दाखवायला आमच्या नववी-दहावीची मुले पाळीपाळीने देता येतील. शाळेच्या व्हरांड्यात चार बाक टाकता येतील. तेथे बायकांनाही बसता आले पाहिजे, कारण कोणत्याही जुन्या बैठकीत त्यांची जागा नेहमी दाराबाहेर होती. चहाची किटली असली तर उत्तम, पण ती आधी पाहिजे असे नाही. आधी दिवा पाहिजे आणि दार उघडे पाहिजे. या दिवाळीत आपण घरोघरी पणत्या लावू, तेव्हा त्यातली एक गावातल्या अशा एखाद्या बंद दाराजवळ नेऊन ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी त्या दाराची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी करावी.